आकाश एक, परवाने अनेक



या व्यासपीठावर आजवर संतवाङ्मयावर, इतिहासावर, नाटकावर अधिकारी माणसे बोलून गेली. माझ्यासारख्या कामगार संघटनेच्या माणसाला बोलावले म्हणजे तो बोनसवर नाही तर महागाईभत्त्यावर बोलणार, असा आपला समज असणार. पण मी आज विमान चालविणाऱ्या माणसाच्या परवान्यावर बोलणार आहे. विमान चालविणे दूरच राहिले, विमानात मी बसलो आहे तो आयुष्यात दोनदा. दिल्लीला कामगार परिषदेस जाताना आणि तेथून परत येताना. माझे शाळेतले शिक्षणही दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते आधी कारखान्यात आणि मग युनियनच्या कचेरीत, करारनामे आणि कायद्याची पुस्तके वाचता वाचता. तेव्हा मी सांगेन ते कामगाराच्या नजरेने सांगेन. त्यात विद्वत्ता सापडणार नाही. हिशेब मात्र सापडेल.

हा विषय माझ्याकडे चालत आला. आमच्या आळीत एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. आयुष्यभर पाळीची नोकरी केली, मुलाला शिकवले, आणि मुलाने वैमानिक व्हायचे म्हटल्यावर फंडातली रक्कम काढून त्याला विमान चालविण्याच्या शाळेत घातले. मुलगा हुशार. दोनशे तासांचे उड्डाण पुरे केले, परीक्षा दिल्या, आपल्या सरकारचा व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविला. आणि त्यानंतर दोन वर्षे घरी बसला. एके संध्याकाळी अण्णा एक रंगीत पत्रक घेऊन कचेरीत आले. म्हणाले, "भाऊ, तुम्ही करार वाचता, एवढा वाचून द्या. ही मंडळी म्हणतात की, पोराचा परवाना युरोपातला करून देतो. सहा महिन्यांचे काम. मग तिकडे विमान कंपन्यांत जागाच जागा आहेत. सिन्नरकडचा प्लॉट विकावा म्हणतो."

पत्रक कोणाचे होते ते मी सांगणार नाही. अशी पत्रके पुष्कळ निघतात. मी अण्णांना म्हटले, "आठ दिवस द्या." त्या आठ दिवसांचे पुढे तीन महिने झाले. त्या तीन महिन्यांत जे समजले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम आपल्या गावापासूनच सुरुवात करू. आपल्या नाशिकरोडला कागदाची किंमत कोणी शिकवायला नको. १९२५ साली येथे सिक्युरिटी प्रेस उभा राहिला; तोवर आपल्या टपालाची तिकिटे लंडनहून छापून येत. आज देशातला माणूस परदेशी निघाला की त्याच्या हातात जी पासपोर्टाची पुस्तिका असते, तीही येथेच छापली जाते. या सभेत बसलेल्या कित्येकांच्या घरात तो कागद हाताळणारी माणसे आहेत. त्यांना विचारा, तो कागद इतर कागदांहून निराळा का? शाई आणि दोरा आहे म्हणून नव्हे. त्यामागे सरकार उभे आहे, आणि दुसरी सरकारे त्या सरकारचा शब्द मानतात, म्हणून. कागदाची किंमत छापणाऱ्याच्या हातात निम्मी असते. उरलेली निम्मी तो वाचणाऱ्याच्या मनात असते.

वैमानिकाचा परवाना असाच कागद आहे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना हिंदुस्थानात दिलेला पहिला परवाना मिळाला. त्या काळी आकाशात गर्दी नव्हती. पुढे दुसरे महायुद्ध संपत आले तसे राष्ट्रांच्या ध्यानात आले की, आता विमाने रोज एकमेकांच्या हद्दीत शिरणार. म्हणून ७ डिसेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरी एक करार झाला. आजची सारी आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक त्या करारावर उभी आहे. त्याची ३२ आणि ३३ ही दोन कलमे आपल्या कामाची आहेत. बत्तिसावे कलम म्हणते, विमान ज्या देशात नोंदलेले असेल, त्या देशाने वैमानिकाला परवाना दिलेला असावा किंवा दुसऱ्याने दिलेला परवाना मान्य केलेला असावा. तेहतिसावे म्हणते, किमान दर्जा पाळून एका देशाने दिलेला असा परवाना इतरांनी मानावा.

आता या दोन कलमांचा मेळ घाला म्हणजे गंमत कळेल. आपल्या देशात नोंदलेल्या विमानाच्या अंगावर 'व्हीटी' ही दोन अक्षरे असतात. अशा विमानाचा कप्तान आपला भारतीय परवाना खिशात ठेवून फ्रांकफुर्टला उतरतो, पॅरिसला उतरतो, तीनशे माणसे सुखरूप उतरवितो. त्याला तिकडे कोणी म्हणत नाही की, तुझा परवाना आम्हांस ठाऊक नाही. पण तोच कप्तान दुसऱ्या दिवशी तिथल्या कंपनीच्या दारात गेला आणि शेजारी उभ्या असलेल्या, अगदी त्याच बनावटीच्या, परंतु जर्मनीत नोंदलेल्या विमानात बसू लागला, तर त्याला सांगण्यात येईल की, बाबा, आधी आमच्या परीक्षा दे. विमान तेच, धावपट्टी तीच, हात तेच. बदलली ती शेपटीजवळची अक्षरे.

हे ऐकून आपल्याला राग येतो. मलाही आला होता. मग मला आमचे वेल्डर आठवले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वीस वीस वर्षे वेल्डिंग केलेला कारागीर नव्या ठिकाणी गेला की त्याला पुन्हा टेस्ट द्यावी लागते. तो प्लेट जोडतो, ती प्लेट कापतात, वाकवून बघतात, एक्स-रे काढतात. जुन्या कारखान्याचे सर्टिफिकेट दाखवले तर इन्स्पेक्टर म्हणतो, ते ठेवा घडी करून. कारागिराला अपमान वाटतो. पण बॉयलरच्या शेजारी उभे राहणाऱ्या दुसऱ्या कामगाराला त्या टेस्टचा आधार वाटतो. तेव्हा परीक्षा मागणे हा अन्याय नव्हे. अन्याय कोठे सुरू होतो, ते पुढे पाहू.

युरोपातली व्यवस्था अशी आहे. युरोपीय संघाने २००२ साली विमानसुरक्षेसाठी एक संस्था स्थापन केली. तिचे ठाणे जर्मनीत कलोन शहरी आहे. नियम तिच्यामार्फत ठरतात. परवाना मात्र त्या त्या देशाचे विमानखाते देते, आणि एका देशाने दिला की तो एकतीस देशांत चालतो. संघाचे सत्तावीस, आणि नॉर्वे, आइसलंड, स्वित्झर्लंड व लिख्टेनश्टाइन हे चार. वैमानिकांचे नियम २०११ सालच्या ११७८ क्रमांकाच्या कायद्यात आहेत, आणि बाहेरच्या देशांचे परवाने कसे स्वीकारावेत याचे निराळे नियम २०२० साली झाले.

बाहेरच्या परवान्याला तेथे 'बदलून घेणे' म्हणतात. परंतु नोटेचे सुटे घ्यावे तसे हे बदलणे नव्हे. पहिली पायरी शरीराची. प्रथम वर्गाची वैद्यकीय तपासणी त्यांनी मान्य केलेल्या केंद्रातच करावी लागते. आपल्याकडचा दाखला चालत नाही. दुसरी पायरी लेखी परीक्षांची. मोठ्या विमानाच्या वैमानिकासाठी तेरा विषय आहेत: हवाई कायदा, हवामान, दिशाशोधन, रेडिओ-दिशाशोधन, विमानाची यंत्रणा, उपकरणे, वजनाचा तोल, उड्डाणाचे नियोजन, मानवी क्षमता, उड्डाणाची तत्त्वे असे. प्रत्येकात शंभरात पंचाहत्तर गुण हवेत. आपल्याकडे सत्तर पुरतात. पहिल्या पेपराला बसल्यापासून अठरा महिन्यांत तेराही पुरे करायचे. एका पेपरात चार वेळा नापास झाला, किंवा मुदत टळली, की पाटी कोरी. पास झालेले पेपरही पुन्हा द्यावयाचे. अनुभवी माणसाला शिकवणीत सूट मिळू शकते, परीक्षेत मिळत नाही. तिसरी पायरी प्रत्यक्ष उड्डाणाच्या चाचणीची. शिवाय इंग्रजीची पातळी, सहापैकी निदान चौथी. आणि पास झाल्यावर तो निकालही जन्मभर टिकत नाही. छत्तीस महिन्यांत त्यावर परवाना घेतला नाही तर तो शिळा होतो.

येथवर मी अण्णांच्या मुलाला समजावीत आलो, तेव्हा तो म्हणाला, "काका, मी पास होईन." मला त्याची शंका नव्हतीच. पण मी त्याला पुढचे वाक्य वाचायला लावले. विशिष्ट बनावटीचे मोठे विमान चालविण्याची नोंद आपल्या परवान्यावरून त्यांच्या परवान्यावर उतरवून घ्यावयाची असेल, तर त्या विमानावर निदान पाचशे तासांचा अनुभव लागतो. हा नियम एकच आहे, पण माणसे दोन प्रकारची आहेत.

पहिला माणूस पाहा. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले. हजारो माणसे एका रात्रीत मोकळी झाली. त्यांत अनेक वर्षे बोइंग चालविलेले कप्तान होते. त्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले होते. आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. अशा कप्तानाने युरोपचा परवाना घ्यायचे ठरविले तर त्याच्या गाठीशी हजारो तास होते. तेरा पेपरांचा डोंगर त्यालाही चढावाच लागणार. पण शिखरावर पोहोचल्यावर त्याच्या हातात काहीतरी असणार. दुसरा माणूस अण्णांचा मुलगा. त्याचे उड्डाण दोनशे तासांचे, तेही लहान विमानावर. तो सगळा डोंगर चढेल आणि वर पोहोचल्यावर त्याला आढळेल की, तिकडच्या शाळांतून नुकतीच बाहेर पडलेली, त्याच्याइतकीच नवखी पोरे तेथे रांगेत उभी आहेत, आणि ती त्या मुलखातली आहेत.

येथे मी मुख्य मुद्द्यावर येतो. परवाना म्हणजे काम करण्याची पात्रता. काम करण्याचा हक्क नव्हे. युरोपातल्या विमान कंपन्यांच्या जाहिराती मी त्या मुलाकडून मोबाईलवर काढून घेतल्या आणि एकेक वाचल्या. बहुतेकांच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: उमेदवारास युरोपीय संघात राहण्याचा व काम करण्याचा अनिर्बंध हक्क असला पाहिजे. त्या रंगीत पत्रकात तेरा विषयांचा उल्लेख होता, सुंदर विमानाचे चित्र होते. ही ओळ मात्र नव्हती. आपल्या गावात छापलेला पासपोर्ट माणसाला दारापर्यंत नेतो. आत राहून भाकरी कमवायची तर त्या देशाचे निराळे कागद लागतात, आणि ते बहुधा आधी नोकरी देणारा मिळाल्यावरच हाती येतात. नोकरीसाठी कागद आणि कागदासाठी नोकरी. ही आडकित्त्याची दोन पाती आहेत. सुपारी कोण, ते सांगायला नको.

मी मघाशी म्हटले, अन्याय कोठे सुरू होतो ते पाहू. तो या लपविलेल्या ओळीपाशी सुरू होतो.

कोणी म्हणेल, ही गोऱ्यांची आपल्याविरुद्ध केलेली तटबंदी आहे. तसे सरसकट म्हणता येत नाही. इंग्लंड युरोपीय व्यवस्थेतून बाहेर पडले तेव्हा ३१ डिसेंबर २०२० ची मध्यरात्र उलटताच ब्रिटिश परवानाधारक वैमानिकही तेथे परके झाले. शहाणे होते त्यांनी मुदतीआधी आपला परवाना आयर्लंड वा ऑस्ट्रियासारख्या देशांकडे वळवून घेतला होता; उरलेल्यांना परक्यांचे नियम लागू झाले. अमेरिका आणि युरोप यांच्यात परवाने सहज बदलण्याचा करार आहे, पण तोही फक्त हौशी, खाजगी वैमानिकांपुरता. पगारी वैमानिकाला तेथेही परीक्षा चुकत नाही. आणि आपणही काही धर्मशाळा उघडून बसलो नव्हतो. आपल्या कंपन्यांत परदेशी कप्तान येत, ते आपल्या सरकारच्या तात्पुरत्या परवानगीवर येत, आणि आपल्या वैमानिकांच्या संघटना तक्रार करीत की, यांना पगार जास्त आणि आमच्या पोरांची बढती अडते. आपल्या दाराशी जी तक्रार न्याय्य, ती दुसऱ्याच्या दाराशी केली की लगेच अन्याय्य कशी होईल?

विश्वासाचा प्रश्नही यात आहे. २०२० च्या जूनमध्ये पाकिस्तानच्या विमानमंत्र्यांनी त्यांच्या संसदेत सांगितले की, आमच्या ८६० वैमानिकांपैकी २६२ जणांचे परवाने संशयास्पद आहेत. त्यानंतर आठवडाभरात युरोपने त्यांच्या राष्ट्रीय कंपनीला मज्जाव केला, आणि तो उठला २०२४ च्या नोव्हेंबरात. ज्यांनी रात्री जागून अभ्यास केला, त्या प्रामाणिक वैमानिकांनीही त्याची किंमत मोजली. आपण हसण्याचे कारण नाही. आपल्याकडेही २०११ साली खोट्या गुणपत्रिकांवर परवाने काढल्याची प्रकरणे उघडकीस आली आणि वैमानिकांना अटक झाली. खोटा कागद काढणारा फक्त स्वतःची सोय करीत नाही. तो आपल्या सगळ्या बिरादरीच्या खिशातला खरा कागद हलका करतो. प्रेसमध्ये काम केलेल्या माणसाला हे दोनदा सांगावे लागत नाही.

आता समजा, सगळे दरवाजे उघडले आणि नोकरी मिळाली. तरी कामगार संघटनेच्या माणसाचा प्रश्न उरतोच: करार कोणता? युरोपातल्या काही कंपन्यांनी अशी रीत पाडली की, वैमानिक कंपनीचा नोकर नाहीच. तो दलालाच्या मार्फत येतो किंवा कागदोपत्री स्वतंत्र धंदेवाईक असतो. विमान कंपनीचे, गणवेश कंपनीचा, वेळापत्रक कंपनीचे. आजारी पडला की मात्र तो स्वतंत्र! घंटी वाजल्यावर कामावर आणि पगाराच्या दिवशी कंत्राटदाराकडे, हा खेळ आमच्या एमआयडीसीतल्या पोरांना तोंडपाठ आहे. कोठे कोठे तर नवख्या वैमानिकाकडूनच पैसे घेऊन त्याला प्रवासी विमानात अनुभवासाठी बसवीत. मजुराने मालकाला मजुरी द्यायची!

पण तिकडेही माणसे गप्प बसली नाहीत. बेल्जियममधील शार्लरवा विमानतळावर राहून काम करणाऱ्या हवाई सेवकांना कंपनी म्हणे, तुमचा करार आयर्लंडचा, भांडायचे तर तिकडच्या न्यायालयात. १४ सप्टेंबर २०१७ रोजी युरोपच्या न्यायालयाने सांगितले की, कामगार जेथून रोज कामाला निघतो आणि जेथे परत येतो, ते त्याचे ठाणे दाद कोठे मागायची हे ठरविताना महत्त्वाचे मानले पाहिजे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रायनएअर या मोठ्या कंपनीने आपल्या इतिहासात प्रथमच वैमानिकांच्या संघटनांना मान्यता देण्याची तयारी दाखविली. आपल्याकडे जेटच्या वैमानिकांनी संघटना काढली, दोघांना कामावरून कमी केल्यावर २००९ च्या सप्टेंबरात शेकडो जण आजारपणाच्या रजेवर गेले, आणि पाच दिवसांत समझोता झाला. पस्तीस हजार फूट उंचीवर गेला म्हणून कामगार कामगारपणातून सुटत नाही. त्याचा पगार मोठा असेल. पण त्याच्या मनगटातले कसब आणि त्याच्या डोळ्यांची झोप, एवढेच त्याचे भांडवल असते.

या सगळ्यातून मी काय शिकलो, ते आपल्या घरांतल्या मुलामुलींसाठी थोडक्यात सांगतो. खर्चाचा क्रम लावा. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्णायक गोष्ट आधी करा. आधी वैद्यकीय तपासणी. तेथे नापास झाला तर पुढचा एक पैसाही वाचला. मग काम करण्याच्या हक्काचा प्रश्न: त्या देशात राहण्याचा कागद आहे का, नसेल तर तो मिळण्याचा मार्ग कोणता, हे त्या देशाच्या वकिलातीकडून लेखी समजून घ्या, दलालाच्या तोंडून नव्हे. मग तास: आपल्याजवळ किती आणि त्यांना किती हवेत. मग परीक्षा. आणि सर्वांत शेवटी जमीन, दागिना, फंड. पत्रकवाले हा क्रम नेमका उलटा सांगतात. जो नोकरीची हमी देतो, त्याला विचारा, नोकरी न मिळाल्यास पैसे परत करण्याचे कलम करारात कोठे आहे? मी अण्णांच्या कागदात ते शोधले. आठ पाने होती. ते नव्हते.

शेवट ऐकायचा असेल. अण्णांनी प्लॉट विकला नाही. मुलगा खूप चिडला. त्याचे म्हणणे असे की, काकांनी माझे पंख कापले. बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी आपल्याच राज्यात उड्डाण शिकविणाऱ्या शाळा आहेत. त्याने शिक्षकाची पात्रता मिळवावी, दुसऱ्यांना शिकविता शिकविता स्वतःचे तास वाढवावेत आणि पाचशे-हजारावर गेल्यावर मग पश्चिमेकडे तोंड करावे, असे मी सुचविले. तो आता त्या मार्गाला लागला आहे. पण भेटला की अजून माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाही. मी बरोबर होतो की चूक, हे आज मला सांगता येणार नाही. कदाचित त्याच्यात असे काही असेल जे कोणत्याही नियमात बसत नाही, आणि मी त्याला वर्षे दवडायला लावली असतील. हे ओझे सल्ला देणाऱ्याने वाहिलेच पाहिजे. मात्र एक गोष्ट मला ठाऊक आहे. अण्णांच्या डोक्यावर कर्ज नाही, आणि म्हातारपणी त्यांना कोणा सावकाराच्या पायरीवर बसावे लागणार नाही.

आपल्या जिल्ह्याचे आणि आकाशाचे नाते जुने आहे. ओझरला १९६४ साली विमानांचा कारखाना आला. गांधीनगरच्या तळावरून लष्कराची हेलिकॉप्टरे आपल्या डोक्यावरून रोज जातात. विमानाचे खिळे ठोकणाऱ्या माणसाच्या मुलाला ते विमान चालवावेसे वाटले तर त्यात नवल काय? ते स्वप्न पाहू नका, असे सांगायला मी उभा राहिलो नाही. स्वप्न जरूर पाहावे. परंतु त्या स्वप्नाचा करारनामा कोणीतरी शांतपणे, शेवटच्या ओळीपर्यंत, वाचून द्यावा. प्रत्येक वाचनालयात, प्रत्येक युनियनच्या कचेरीत महिन्यातून एक संध्याकाळ यासाठी ठेवता येईल. आमच्या कचेरीत ती आम्ही ठेवली आहे. शनिवारी सहानंतर यावे. चहा मिळेल, हमी मिळणार नाही.